लातूरला घरामागची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिखल होतो. न खणता, थर रचून भाजीचा वाफा कसा करावा?

नक्की करा, काळ्या मातीला हीच पद्धत मानवते. फक्त वाळू मिसळायच्या फंदात पडू नका, त्याने ती आणखी घट्ट बसते.

गवत कापून जमीन भिजवा आणि चिकटपट्टी काढलेला, ओला केलेला पुठ्ठा कडा एकमेकींवर चढवून अंथरा. त्यावर चार बोटं सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट, वर दोन बोटं ओला माल: शेण, भाजीची देठं, हिरवा पाला. असे थर दीड-दोन फुटांपर्यंत चढवा. सुकं नेहमी ओल्याच्या दुप्पट ठेवा. ओलं जास्त झालं की आंबूस वास येतो, नुसतं सुकं असलं की महिनोन्‌महिने काही कुजत नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळकी खोडं, बारीक तोडूनच घाला, अख्ख्या लवकर कुजत नाहीत. शिजलेलं तेलकट अन्न नको.

आपल्याकडे खरी अडचण ओलाव्याची. प्रत्येक थर रचतानाच भिजवा. मूठभर माल पिळला की एखाद-दुसरा थेंब यावा, इतपत ओल हवी. ढीग कोरडा पडला की उधई लागते, म्हणून सगळ्यात वर पाचटाचं जाड पांघरूण हवंच. भाजी धुतलेलं पाणी इथेच ओता.

मेअखेरीस रचलात तर पावसाळा पुढचं काम करतो. ढीग निम्म्यावर बसतो. दसऱ्याच्या सुमारास वरचं पाचट बाजूला सारून बघा, खाली भुसभुशीत काळी माती आणि गांडुळं दिसली की मेथी-पालक टाका.