साधं घर, तरी वाडा?

प्रश्न असा आला आहे : "आमचं आजोळचं घर मातीच्या भिंतींचं, वर माळवद. तरी गावात सगळे त्याला वाडाच म्हणतात. वाडा म्हणजे सरदारांचा ना?"

गाव बरोबर आहे. वाडा हा शब्द मुळात श्रीमंतीचा नव्हे, कुंपणाचा. संस्कृत 'वाट', 'वाटक' म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यावरून आपला वाडा आणि हिंदीतला बाड़ा. मोकाट गुरं डांबतात तो कोंडवाडा, मेंढरं रात्री बसवतात तो मेंढवाडा. कोकणात तर वाडा म्हटलं की कित्येकदा गुरांचा गोठाच. कुंभारांची आळी तो कुंभारवाडा. राजवाड्यातला थाट असलाच तर तो 'राज'चा, वाड्याचा नाही! 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यासारख्या वास्तूंमुळे शब्दाला भारदस्तपणा चिकटला, इतकंच.

देशावर घराला वाडा म्हणतात ते बांधणीवरून. चारी बाजूंनी बंद, मधे आभाळाला उघडा चौक, भोवती सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या. चारही अंगांना सोपे असले की चौसोपी. रस्त्याच्या बाजूला खिडकी शोधून सापडायची नाही. उजेड यायचा तो चौकातून. थोरल्या दरवाज्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढं दार असतं, ती दिंडी. रात्री दरवाज्यामागे आडवं लाकूड सरकवायचं, तो अडसर. आज आपण 'कामात अडसर आला' म्हणतो, तो हाच.

वापरातली एक गंमत. आपण 'घरी जातो', पण पाटलाच्या 'वाड्यावर' जातो. चावडीवर, गडावर म्हणावं तसं. 'वाड्यात' म्हणजे नुसतं आत. 'वाड्यावर'मध्ये मालकाचा वचक येतो. (खलनायक पाटलांच्या चित्रपटांनी या 'वर'ची पार रया घालवली, ते सोडा.) आजोळच्या माणसांना मात्र 'वाड्यावर चल' म्हणताना फक्त घर म्हणायचं असतं.

लिहिताना एक सांभाळा : 'वाड्यांमध्ये' हे रूप वाडा आणि वाडी दोघांचंही होतं. संदर्भ नसेल तर वाचणारा अडतो.

आणि 'वाडवडील' या फंदात ओढू नका. त्यातला वाड जुन्या मराठीतला, 'मोठा' या अर्थाचा.

पुढच्या खेपेला आजोळी गेलात की दरवाज्यामागच्या भिंतीत हात घालून पाहा. अडसराचं खोल भोक बहुतेक सापडेल, कदाचित विटेनं बुजवलेलं.