गॅरेजमधलं सुतारकाम आणि धूळ

प्रश्न : बंगल्याच्या गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू करायचंय. आधी टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची गोल करवत) घेऊ का? आईला दमा आहे, धुळीचं काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टेबल सॉ आत्ता नको. चांगली करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या आणि धारेचा दगड, एवढ्यावर स्टूल, फडताळ सहज होतं. सागाच्या फळ्या मी अजून हातरंध्यानेच साफ करतो. ढलप्या खाली पडतात, हवेत उडत नाहीत.

खरी काळजी सँडरची, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या विजेच्या यंत्राची. जाड भुसा दिसतो, गोळा करता येतो. १० मायक्रॉनखालची धूळ मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास तरंगत राहते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलंय. तेव्हा व्हॅक्यूम थेट सँडरलाच जोडा. मध्ये सायक्लोनची बादली (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारी) ठेवली की फिल्टर लवकर तुंबत नाही. एन-९५ मास्क काम थांबल्यावरही लगेच काढू नका. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू चिकटवून, दाबून केलेला बोर्ड) कापायचं ते अंगणातच. त्याची धूळ फारच बारीक.

आणि आईंसाठी : घरात उघडणारं दार बंद, फटींना रबराची पट्टी, कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलायचे. झाडू अजिबात नको, ओल्या फडक्याने पुसा.