भात सोडला, तूप सोडलं, तरी वजन का हलत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ६८ किलो. भात आणि तूप बंद, साखरेऐवजी गूळ, सकाळी लिंबू-मध-पाणी, आठवड्यात दोन उपास, संध्याकाळी डाएट चिवडा. पहिल्या पंधरवड्यात ३ किलो उतरलं आणि त्यानंतर तीन महिने काटा जागचा हलला नाही. आता पोळीही सोडू का, दुधीचा रस सुरू करू का, की हे थायरॉइडचं आहे?

पोळी सोडू नका. पुण्यात आहारसल्ल्याचं काम करताना मी बरीच वर्षं लोकांच्या जेवणाच्या वह्या वाचते आहे. त्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसतं की आपण एखाद्या पदार्थाला ‘जड’ आणि एखाद्याला ‘हलका’ ठरवून मोकळे होतो. मग हलका ठरवलेला पदार्थ किती पोटात गेला, हे कुणी बघत नाही. तुमच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत हेच झालंय.

आधी त्या ३ किलोंबद्दल. भात बंद केल्यावर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, कमी होतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीला जे उतरलं त्यात बराचसा भाग पाण्याचा होता. चरबी इतक्या वेगानं जात नाही. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी चालू असलेलं काही ‘बंद पडलं’ असं समजून हताश होऊ नका.

भाताला आपण उगाच बदनाम केलंय. कच्चे तांदूळ, ज्वारी, गहू, काहीही घ्या, १०० ग्रॅमला उष्मांक जवळपास सारखेच, ३३० ते ३५० च्या आसपास. ज्वारीत तंतू जास्त, भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, हे फायदे खरेच आहेत. पण हातावर थापलेल्या एका मोठ्या भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन फुलक्यांइतकं. ‘भाकरीच आहे’ म्हणून दोन खाल्ल्या तर चार फुलके झाले. वाटीभर भात, त्यावर घट्ट वरण, शेजारी भरपूर पालेभाजी, असं जेवण वजन कमी करताना बिनधास्त चालतं.

उपासाचं मात्र गंभीरपणे घ्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास उष्मांक आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. एका डिशचा हिशोब मांडते: ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, चार चमचे तूप, थोडा बटाटा. सहाशेच्या वर गेलं. दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि मूठभर भात एवढं रोजचं जेवण साधारण साडेपाचशेत बसतं. शिवाय खिचडीनं दुपारी तीनलाच भूक लागते आणि मग वेफर्स, रताळ्याचा कीस, खजूर. उपास श्रद्धेनं करत असाल तर जरूर करा, त्यात मी बोलणार नाही. फक्त साबुदाण्याऐवजी मोजकी भगर आणि दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ असं ठेवून बघा. वजनासाठी म्हणून करत असाल तर ते दोन दिवस साधं जेवलेलं बरं.

गूळ, मध, लिंबू यांचं पटकन सांगते. गुळाचे उष्मांक साखरेच्या अगदी जवळ आहेत, आणि चहात जाईल तेवढ्या गुळातून मिळणारं लोह नगण्य. तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या गोडाची मर्यादा शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि त्यात गूळ-मधही धरले आहेत. लिंबानं चरबी वितळत नाही. सकाळी कोमट पाणी आवडत असेल तर नुसतं प्या.

आता तूप-तेल, कारण खरी गळती मला इथे दिसते. तूप बंद केलंत, पण फोडणीचं तेल पळीनं पडतंय ना? दोन्ही स्निग्ध पदार्थच, ग्रॅमला ९ उष्मांक. वरणावरचं चमचाभर साजूक तूप फार तर ४५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये नवीन आहारमार्गदर्शिका काढली. त्यात २००० उष्मांकांच्या ताटासाठी दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चार जणांच्या घराला महिन्याला हे सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास होतं. तुम्ही वहीबिही लिहू नका. तेलाचा नवा पाच लिटरचा कॅन फोडाल त्या दिवशी मार्करनं त्यावर तारीख घाला, आणि संपेल त्या दिवशी पुन्हा बघा. महिन्यात संपला तर तुमच्या घरात माणशी रोज शंभरेक उष्मांक नुसते तेलातून जास्त जाताहेत, आणि त्यात तूप, विकतचं फरसाण किंवा बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. डाएट चिवडाही यातच आला. पोहे भाजलेले असले तरी त्यात दाणे, खोबरं आणि वरून फोडणी असतेच. दोन मुठींऐवजी तेवढीच भूक फुटाण्यांवर भागवा.

तेलाच्या उलट डाळीचं असतं. त्याच मार्गदर्शिकेत माणशी रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, चिकन) सांगितली आहेत. शाकाहारी चौघांच्या घराला महिन्याला हे दहा किलोच्या आसपास जातं. तुमच्या किराणा यादीत तूरडाळ, मूगडाळ, मटकी, चवळी, बेसन सगळं मिळून किती आहे ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक याद्या चार-पाच किलोवर थांबतात. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार ग्रॅम प्रथिनं असतात आणि तुम्हाला दिवसाला साधारण ५० हवीत. मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ, पिठलं, दही, खात असाल तर अंडी, यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. वजन कमी करताना प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या ५५ मिनिटांत संपवायच्या दोन जेवणांबद्दल मला नेहमी विचारलं जातं. पुष्कळांना त्याचा उपयोग होतो, आणि माझ्या मते त्यामागचं मोठं कारण म्हणजे मधल्या वेळचे गोड चहा, बिस्किटं, चिवडा एकदम बंद होतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

काट्याइतकीच टेपही वापरा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असते हे सांगणारं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. घेर कमी होत असेल तर काटा थांबलेला असला तरी काम चालू आहे.

थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या, सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तसाखर) पण करा. पण थायरॉइड कमी पडल्यामुळे वाढणारं वजन बहुधा दोन-चार किलोच असतं आणि त्यातही पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळी सुरू झाली की बाकीचं आपोआप उतरेल, अशी आशा धरू नका.

दुधीच्या रसाला माझा विरोध आहे. त्यानं चरबी जळत नाही, आणि काही दुधींत कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. त्यानं लोक दगावलेले आहेत. दुधी भाजीला घेतानाही आधी चकती कापून जिभेला लावा. जराही कडू लागला तर सगळा फेकून द्या. मीठ-साखर घालून कडूपणा मारू नका, आणि असा रस चुकून पोटात गेल्यावर उलट्या किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.