दुकानात मिळतं म्हणून न्यू जर्सीत चालतं असं नाही

तू बंदुकीसाठी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या दुकानातून १५ गोळ्यांची मॅगझिन (बंदुकीत गोळ्या भरून बसवायची डबी) घेणार म्हणतोस, म्हणून तातडीने लिहितोय. घेऊ नकोस. न्यू जर्सीत २०१८ पासून मर्यादा १० ची आहे, आधी ती १५ होती. गाडीच्या डिकीत नुसती रिकामी सापडली तरी तो फौजदारी गुन्हा आहे, दीड वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बऱ्याच मॅगझिनच्या मागच्या बाजूला आत किती गोळ्या आहेत ते दाखवणारी बारीक भोकं असतात, शेजारी आकडे कोरलेले. शेवटचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रायफलचं गणित आणखी किचकट. सेमी-ऑटोमॅटिक (घोडा दर वेळी दाबला की एक गोळी सुटणारी), सुटी मॅगझिन बसणारी रायफल असेल तर पिस्तूल ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, हे एक लक्षण धरतात. त्यात मागेपुढे सरकणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) किंवा फ्लॅश सप्रेसर (नळीच्या टोकाचा, गोळी सुटतानाचा झोत कमी करणारा भाग) आला की दोन झाली, आणि रायफल बंदीच्या यादीत गेली. सुटा भाग निरुपद्रवी वाटतो, पण कायदा जोडणी बघतो. मी स्वतः असा स्टॉक मागवून बसलो होतो. विकणाऱ्याने 'सगळीकडे चालतो' म्हणून सांगितलं होतं. खोका न फोडता परत पाठवला, तेव्हा कुठे झोप लागली.

सायलेन्सर (बंदुकीचा आवाज कमी करणारा भाग) न्यू जर्सीत चालतच नाही, पेनसिल्व्हेनियात नोंदणी करून चालतो. बंप स्टॉकवरची (सेमी-ऑटोमॅटिक रायफल भराभर चालवायला लावतात तो स्टॉक) केंद्राची बंदी सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये उठवली, पण आपल्या राज्याची वेगळी आहे, ती तशीच राहिली.

आणि हो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असशील तर आधी वकिलाला भेट. त्या व्हिसावर, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे.