वाचक विचारतात : जपानी भुतं आणि त्यांचे हॉलिवूड अवतार

या महिन्यात भयपटांवरची पत्रं भरपूर आली. त्यातले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते: मूळ जपानी सिनेमा आणि त्याचा अमेरिकी रिमेक यांत नेमका फरक काय? निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत. ज्यांनी ‘रिंगु’ अजून पाहिलेला नाही, त्यांनी पहिलं उत्तर सिनेमा बघून झाल्यावर वाचावं, कारण त्यात शेवट सांगितला आहे.

प्रश्न : ‘द रिंग’ बघून मी रात्रभर झोपलो नव्हतो. आता मूळ जपानी ‘रिंगु’ बघितला, तर अर्धा सिनेमा काही घडतच नाही असं वाटलं. मित्र मात्र म्हणतो, मूळच भारी. आमचा वाद मिटवा. (शाहूपुरी)

उत्तर : तुम्ही आधी रिमेक बघितलात, तिथेच निम्मा घोळ झाला. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगु’ १९९८चा, ९६ मिनिटांचा. गोर व्हर्बिन्स्की यांचा ‘द रिंग’ २००२चा, ११५ मिनिटांचा. गोष्ट दोन्हींत एकच: एक शापित व्हिडिओ टेप जो बघतो तो सात दिवसांनी मरतो, आणि स्वतः ती टेप बघितलेली एक आई त्यामागचा शोध घेते. टेपमागचं भूत मूळ सिनेमात सदाको, रिमेकमध्ये समारा; आई मूळमध्ये रेइको, रिमेकमध्ये रेचल; आणि तिला मदत करणारा मुलाचा बाप मूळमध्ये र्‍यूजी, रिमेकमध्ये नोआ. जास्तीची १९ मिनिटं कशावर खर्च झाली ते बघितलं की दोन्ही सिनेमांचा स्वभाव कळतो.

ती बहुतेक खुलाशात गेली आहेत. समाराचं दत्तक घर, घोड्यांचा तबेला, बोटीवर बिथरलेला घोडा, बापाची न्हाणीघरातली आत्महत्या, हे सगळं रिमेकचं आहे. सातच दिवस का, याचंही उत्तर तिथे मिळतं: विहिरीत टाकल्यावर समारा सात दिवस जिवंत होती. जपानी सिनेमात सदाकोच्या सात दिवसांचं कारण कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

एका बाबतीत मात्र रिमेक सरस आहे, हे मित्राला जरूर सांगा. मूळ सिनेमात र्‍यूजीला अतींद्रिय शक्ती आहे. हात लागला की त्याला भूतकाळ दिसतो, त्यामुळे तपासाचा अवघड भाग फुकटात सुटतो. रिमेकमधल्या नोआकडे अशी शक्ती नाही. रेचल टेपच्या चित्राच्या कडेला दडलेलं दीपगृह शोधते आणि त्यावरून बेटापर्यंत पोचते. पोलिसी तपास म्हणून बघाल तर अमेरिकी पटकथा जास्त घट्ट विणलेली आहे.

भीतीचं गणित वेगळं आहे, आणि ते टेपमध्येच दिसतं. अमेरिकी टेपमध्ये शिडी, झाड, खुर्ची, अळ्या, खिळ्यात घुसणारं बोट आहे. प्रत्येक चित्र देखणं आणि किळसवाणं आहे, आणि पुढे त्यातल्या बहुतेक चित्रांचा हिशोब लागतो. जपानी टेप त्यामानाने ओबडधोबड: आरशासमोर केस विंचरणारी बाई, वळवळणारी अक्षरं, आणि डोक्यावर कापड घेऊन एका बाजूला बोट दाखवणारा माणूस. हा माणूस नीट लक्षात ठेवा. शेवटी टीव्हीच्या काळ्या काचेत त्याचंच प्रतिबिंब उमटतं, तो पिशवीकडे बोट दाखवतो, पिशवीत टेपची प्रत असते, आणि आपण का वाचलो ते रेइकोला उमगतं. तो माणूस कोण, हे सिनेमा सांगत नाही. सगळा उलगडा त्याच्या एका बोटावर टेकलेला, आणि तोच अनोळखी! ही मोकळी सोडलेली जागा आमच्या मते पूर्ण सिनेमातली सगळ्यात भीतिदायक जागा आहे, आणि रिमेकने ती बुजवून टाकली.

आता दोन्हींतला टीव्हीतून बाहेर येण्याचा प्रसंग पाठोपाठ लावा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून. व्हर्बिन्स्कीच्या प्रसंगात रेचल जीव तोडून नोआकडे धावते आहे, म्हणजे ‘ती वेळेत पोचेल का’ ही जास्तीची उत्कंठा घातली आहे. समाराच्या अंगावर टीव्हीच्या मुंग्या लखलखतात. आवाज बंद केला तरी हा प्रसंग चालतो, कारण त्याचं काम दृश्यावर आहे. नाकाता मात्र आपल्याला र्‍यूजीच्या खोलीतच बसवून ठेवतो. तिथला आवाज काढला तर निम्मी भीती जाते, कारण केंजी कावाई यांनी संगीताऐवजी धातू घासल्यासारखे आवाज वापरले आहेत आणि मध्ये मध्ये शांतता ठेवली आहे. म्हणून हा सिनेमा मोबाइलच्या स्पीकरवर बघू नये. हेडफोन लावा, आणि टीव्हीवर बघत असाल तर आवाजाचा ‘नाइट मोड’ बंद ठेवा. तो बारीक आवाज मोठे करतो, मोठे दाबतो, आणि शांततेचा अर्थच घालवतो.

शेवटाचा मुद्दाही तुमच्या वादात घ्या. दोन्ही सिनेमांत मुलाला वाचवायला टेपची प्रत काढून दुसर्‍या कुणाला तरी दाखवावी लागते. रिमेकमध्ये मुलगा विचारतो, ज्याला दाखवणार त्याचं काय होईल? आई गप्प राहते. जपानी रेइको मात्र थेट आपल्या वडिलांना फोन लावते आणि गाडी त्यांच्या घराकडे वळवते. नातवासाठी आजोबांचा बळी. आपल्याकडच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शेवट जास्त लागतो.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मिळून जुन्या वाड्यात शॉर्टफिल्म करतोय. मागच्या चौकात आड आहे. सदाकोसारखी चाल कशी जमवायची? आम्ही नुसतं वाकडंतिकडं चालून बघितलं, पण हसू येतं. (इचलकरंजी)

उत्तर : हसू येणारच, कारण अभिनेता ‘भूत करतोय’ हे दिसतं. ‘रिंगु’मध्ये रिए इनो ही अभिनेत्री उलट पावली चालली आणि ते चित्रण उलटं दाखवलं गेलं. त्यामुळे पावलावर वजन पडण्याचा क्रम बिघडतो. काय चुकतंय ते बघणार्‍याला सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

तुम्ही असं करा. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवा. वेग सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या आकड्यांवर बल्ब आणि ट्यूब लुकलुकत नाहीत. मोबाइल असेल तर एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करा. अभिनेत्रीने सुरुवात कॅमेर्‍याजवळून करायची, तोंड कॅमेर्‍याकडेच, आणि मागे मागे आडाकडे जायचं. उलटं केल्यावर ती आडाकडून तुमच्याकडे येताना दिसेल. दहा-बारा पावलं पुरे. पाऊल उचलू नका, घासत न्या. दर तीन-चार पावलांनी एक खांदा सैल सोडा, म्हणजे झटका तयार होतो.

खर्‍या उघड्या आडाला मात्र पाठ करून कोणालाही चालवू नका. हा नियम मोडायचा नाही. आडावर जाड फळ्या टाकून दोराने बांधा, आणि चालणं किमान सहा फूट आधी थांबवा. टाचेला लागेल अशी वीट किंवा जाड दोर जमिनीवर ठेवा आणि चौकटीबाहेर दोघं जण उभे करा. वर येण्याचा शॉट हवा असेल तर थर्माकोल आणि प्लायचा खोटा कठडा अंगणात बनवा.

उलटं केलेलं पकडलं जातं ते आजूबाजूच्या गोष्टींमुळे. उदबत्तीचा धूर खाली उतरतो, केसांतून ठिबकणारं पाणी वर चढतं, वाळलेलं पान जमिनीवरून उडून फांदीला जाऊन चिकटतं. त्यामुळे धूर नको. केस ओले करा, कारण ओले केस जड होऊन हेलकावत नाहीत, पण चित्रणाआधी टॉवेलने टिपून घ्या. वारा असेल त्या दिवशी चित्रण करू नका. मागे तुळस किंवा वाळत घातलेले कपडे असतील तर हलवा.

संकलनात क्लिप उलटी करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. अडचण येते ती मोबाइलच्या चित्रणात: त्याचा फ्रेमचा वेग मध्येच बदलतो आणि उलटं केल्यावर चित्र अडखळतं. आधी ‘हँडब्रेक’ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (कायम एकच वेग) निवडून फाइल बदलून घ्या. मूळ आवाज काढून टाका, नाहीतर उलटी पावलं ऐकू येतात. पावलांचा आवाज ओल्या फडक्याने फरशीवर वेगळा काढा. चेहरा दाखवू नका. ‘रिंगु’मध्ये शेवटी दिसतो तो फक्त डोळा, आणि तोही रिए इनोचा नाही, चित्रीकरणाच्या चमूतल्या एका पुरुषाचा आहे.

प्रश्न : सगळ्या जपानी भुतांचे केस मोकळे आणि कपडे पांढरेच का? आपल्या हडळीची नक्कल आहे का? (कागल)

उत्तर : नक्कल नाही. जपानमध्ये मृताला पांढर्‍या वस्त्रात निरोप द्यायची जुनी पद्धत आहे, आणि काबुकी रंगभूमीवर सूडाने परतलेली बाई मोकळ्या केसांनीच येते. १८२५च्या ‘योत्सुया काइदान’ या नाटकातली ओइवा त्यातली सर्वांत प्रसिद्ध. विहीरही जुनीच: मोलकरीण ओकिकूला विहिरीत टाकल्याची कथा आहे, आणि हिमेजी किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवतात. जपानी प्रेक्षक सदाकोला बघताक्षणी ओळखतो. ही ओळख अमेरिकी प्रेक्षकाकडे नव्हती, म्हणून रिमेकला समाराची कुंडली मांडावी लागली. आपल्याला बाईचे सुटे केस आणि आड दोन्ही परिचयाचे आहेत, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला मूळ सिनेमा जवळचा वाटायला हवा.

प्रश्न : ‘द ग्रज’चा दिग्दर्शक तर जपानीच आहे. मग दोन्ही बघायची गरज काय? (राजारामपुरी)

उत्तर : ताकाशी शिमिझू यांनी ‘द ग्रज’चा मूळ सिनेमा ‘जु-ऑन’ आधी २००० साली थेट व्हिडिओसाठी केला, मग २००२मध्ये पडद्यासाठी, आणि २००४चा ‘द ग्रज’ही त्यांचाच. निर्माता अमेरिकी, सॅम रायमी, पण कथा टोकियोतच, आणि कायाको व तिचा मुलगा तोशिओ ही भुतं साकारणारे ताकाको फुजी आणि युया ओझेकीही तेच. लिफ्टच्या काचेतून प्रत्येक मजल्यावर तोच मुलगा दिसणं, पांघरुणाखाली चेहरा येणं, हे प्रसंग जवळपास जसेच्या तसे आहेत. बदल झाला तो बळींमध्ये. परक्या शहरात भाषा न येणारी अमेरिकी माणसं घेतल्यामुळे एकटेपणाचा एक चांगला पदर वाढला. गमावलं ते प्रकरणांचं विस्कळीतपण. मूळ सिनेमा माणसागणिक तुकड्यांत येतो आणि काळाचा क्रम आपल्याला लावावा लागतो. रिमेकही मागेपुढे जातो, पण बिल पुलमनच्या प्राध्यापकाभोवती एक कारण बांधून देतो. वेळ कमी असेल तर ही जोडी सोडा आणि ‘रिंगु’ची जोडी धरा.

प्रश्न : उपशीर्षकं सुरुवातीला बरोबर असतात, मग मागे पडत जातात. काय करावं? (गडहिंग्लज)

उत्तर : सिनेमाची फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची आणि उपशीर्षकं २५ची (किंवा उलट) असली की असं होतं. तासाला साधारण अडीच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी उपशीर्षकं ५० मिलिसेकंदांनी सरकतात, पण तो उपाय फरक सगळीकडे सारखा असेल तेव्हाचा. वाढत जाणारा फरक त्याने जात नाही. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलून फाइल नव्याने जतन करा. अधिकृत डिस्क किंवा ओटीटीवर ही भानगड नसते. आणि टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. त्यात यंत्र मधल्या फ्रेम स्वतः तयार करतं आणि सदाकोच्या चालीतला झटका गुळगुळीत होऊन जातो.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळात एका दिवसात जोडी दाखवायची आहे. क्रम काय ठेवावा? (कोल्हापूर)

उत्तर : मूळ आधी, रिमेक नंतर, यात बदल नको. दोन्ही ‘रिंग’ मिळून २११ मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. मध्ये अर्धा तास चहा आणि शेवटी पाऊण तास चर्चा धरली तर दुपारी एकला सुरू करून सहाच्या आत संपतं. सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. ‘रिंगु’तली विहीर काळ्यावर काळी आहे आणि खिडकीच्या फटीतून ऊन आलं तर पडद्यावर नुसती राख दिसते. खिडक्यांना काळा कागद आदल्या दिवशीच चिकटवा. विकत घेतलेल्या डिस्कवर किंवा ओटीटीच्या खात्यावर जाहीर खेळ करता येत नाही. वितरकाची लेखी परवानगी लागते, त्यासाठी दोन महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. ‘डार्क वॉटर’मध्ये रक्त नाही म्हणतात, दाखवू का? (एक आई, गारगोटी)

उत्तर : ताई, अजून थांबा. नाकातांचा २००२चा मूळ सिनेमा आणि वॉल्टर सालेस यांचा २००५चा रिमेक, दोन्हींत रक्तपात नाही हे खरं. पण घटस्फोटात मुलीचा ताबा कुणाकडे जाणार आणि आई आपल्याला सोडून जाईल का, ही त्यातली खरी भीती आहे. मोठ्यांना छतावरची वाढत जाणारी ओल घाबरवते, मुलांना लिफ्टमधला तो शेवट. तुम्ही स्वतः मात्र दोन्ही बघा. सालेसचा सिनेमा भयपट म्हणून फिका आहे, पण जेनिफर कॉनेलीची थकलेली आई बघण्यासारखी आहे.

प्रश्न : कोणता रिमेक अजिबात बघू नये? आणि ‘द आय’, ‘शटर’ यांची मूळ जपानी नावं काय? (पन्हाळा)

उत्तर : २००६चा ‘पल्स’ टाळा. त्याचा मूळ सिनेमा म्हणजे कियोशी कुरोसावा यांचा २००१चा ‘कैरो’. त्यात एक बाई रिकाम्या खोलीत दुरून संथ चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, ती सावरते आणि पुन्हा येत राहते. एवढंच घडतं, आणि बघताना श्वास अडकतो. रिमेकला ही उसंतच नाही. भुतं झडप घालतात आणि आवाज आदळतो. ‘द आय’ आणि ‘शटर’ मुळात जपानी नाहीतच. पहिला २००२चा, हाँगकाँगमध्ये पांग बंधूंनी केलेला. दुसरा २००४चा, थायलंडचा. ‘शटर’च्या २००८च्या अमेरिकी रिमेकला मात्र मासायुकी ओचिआई हा जपानी दिग्दर्शक होता आणि कथा टोकियोला नेली होती, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.