पोर्शन संपला, पण अपूर्णांक राहिले

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. गणिताचे सर धडे पळवतात, शंका विचारली की ‘पोर्शन राहील’ म्हणतात, ही तिची रोजची तक्रार. पालकसभेत सरांना भेटलो, तेव्हा अभ्यासक्रम वेळेत संपवणे मला बंधनकारक आहे, असे त्यांनी सांगितले. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?
– एक पालक, सातारा

उत्तर : सरांच्या म्हणण्यात खोटे काही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सहावी ते आठवीसाठी त्याच कायद्याने वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास ठरवले आहेत. ते सगळ्या विषयांत वाटले जातात, आणि निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम शिक्षकांना लावण्याची मुभाही हाच कायदा देतो. मी स्वतः अनेक वर्षे सहावी-सातवीच्या वर्गावर होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत पाऊल टाकताना मुलांच्या चेहऱ्यांआधी शिल्लक प्रकरणे डोळ्यांपुढे उभी राहत.

मात्र त्याच कलमाचा पुढचाच खंड स्टाफरूममध्ये फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून, गरज असेल तेथे त्याला जादा शिकवावे, असे तो सांगतो. तुमची मुलगी याहून वेगळे काही मागत नाही.

१/२ आणि १/३ यांची बेरीज कितीतरी मुले २/५ अशी करतात, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. फळ्यावरची समच्छेद करण्याची रीत उतरवून घेतली की वहीत ५/६ येते, त्यावर बरोबरची खूण होते, आणि चुकीची समजूत मात्र जागच्या जागी राहते. अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी घातल्यावर दोन पंचमांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी भाकरी कशी होईल, एवढे मुलांना विचारून त्यांना विचार करू द्यायला दहा मिनिटे पुरतात. ती सहावीत वाचवली, तर पुढे समीकरणे सोडवताना व्याजासकट मोजावी लागतात, हे मी पाहिले आहे.

शाळकरी मुलांवरचे अभ्यासाचे ओझे कमी कसे करावे हे सुचवण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या अहवालात दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक ठरवले होते. शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले न समजता पाठ करायला तयार नसलेली असू शकतील, असेही तिने म्हटले होते. तुमची मुलगी अजून तक्रार करते, म्हणजे समजून घेण्याचा तिचा हट्ट शाबूत आहे. त्याला उद्धटपणा समजून तिला गप्प करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सरांना पुन्हा भेटाल तेव्हा ‘पळवता’ हा शब्द टाळा. मुलीची वही सोबत न्या, नेमके अडलेले उदाहरण दाखवा, आणि वर्गात आणखी किती जणांचे ते अडले आहे, हे त्यांनाच विचारा. संख्या मोठी निघाली, तर आठवड्यातली एक तासिका केवळ शंकांसाठी ठेवणे बहुतेक शिक्षकांना स्वतःलाच पटते. तरीही नकार मिळाला, तर कलम २४ च्या त्या पुढच्या खंडाकडे नम्रपणे बोट दाखवायला पालक म्हणून तुम्ही मोकळे आहात.