‘अपडेट’, ‘अपग्रेड’, ‘इग्नोर’: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आर्च लिनक्सवर (लिनक्सच्या अनेक वितरणांपैकी एक) चालणाऱ्या सर्व्हरच्या देखभालीच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ या दोन्हींना ‘अद्ययावत करणे’ आणि ‘इग्नोर’ला ‘दुर्लक्ष करणे’ म्हटलं तर चालेल का?

‘दुर्लक्ष’ मुळीच नको. ‘अद्ययावत’ चालेल, पण एकाच अर्थाने.

अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. हा शब्द क्रिया सांगत नाही, स्थिती सांगतो, आणि रोलिंग रिलीजला, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत बदलत राहणाऱ्या प्रणालीला, तो चपखल बसतो. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये ११ वरून १२ वर जायची पायरी असते. आर्चमध्ये पायऱ्याच नाहीत, आजचा दिवस तेवढा आहे. म्हणून सरकारी वळणाचा ‘श्रेणीवाढ’ इथे टाळा. जिथे श्रेणी नाही तिथे वाढ कशाची?

आता ‘पॅकमन -एसवाययू’ हा आदेश पाहा. पॅकमन म्हणजे आर्चवर पॅकेजं (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) टाकणारा-काढणारा प्रोग्राम (एस कॅपिटल, वाय आणि यू स्मॉल). त्यात दोन कामं आहेत. ‘वाय’मुळे उपलब्ध पॅकेजांची नवी यादी उतरते, ‘यू’मुळे मशीनवरची पॅकेजं बदलतात. डेबियनचे ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे याच दोन कामांचे वेगवेगळे आदेश, आणि गोंधळाचं मूळही तेच. पहिल्याला ‘यादी ताजी करणे’ म्हणा, दुसऱ्याला ‘नवी आवृत्ती चढवणे’. सॉफ्टवेअर टाकणं, चढवणं हे आपण रोज बोलतोच. दोन्ही कामं एकदम झाली की सर्व्हर अद्ययावत झाला.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सूचनेत नुसतं ‘अद्ययावत करा’ लिहिलं आणि वाचणाऱ्याने ‘-एसवाय’ एवढंच चालवलं, तर यादी आजची आणि लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइली) मागच्या महिन्यातल्या, अशी अवस्था होते. त्यानंतर एखादं पॅकेज टाकलं की ते नव्या लायब्ररीवर बांधलेलं येतं, मशीनवर जुनीच असते, आणि प्रोग्राम सुरू होताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असं सांगून थांबतो. असं अर्धवट चढवणं आर्चला मान्यच नाही. काय काय बदलणार आहे एवढंच बघायचं असेल तर ‘चेकअपडेट्स’ वापरावं. ते यादीची वेगळी प्रत उतरवतं, मूळ यादीला हात लावत नाही.

‘इग्नोर’चं भाषांतर मात्र खरंच नुकसान करू शकतं. ‘पॅकमन.कॉन्फ’ या पॅकमनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘इग्नोरपीकेजी’च्या ओळीत पोस्टग्रेस या डेटाबेसचं नाव घातलं, तर पॅकमन त्या पॅकेजकडे दुर्लक्ष करत नाही. नवी आवृत्ती आलेली असेल तर दर वेळी, कितीवरून कितीवर जायचं राहिलंय या आकड्यांसकट, इशारा देतो. दुर्लक्ष होतं ते माणसाचं. इथे नेमका शब्द ‘थोपवणे’. पूर थोपवतात, गर्दी थोपवतात: येणारं येणारच आहे, आपण वेळ मिळवतोय. पोस्टग्रेस १६ वरून १७ वर जाताना जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला उघडता येत नाही, नवा सर्व्हर सुरू करण्याआधी ती बदलून घ्यावी लागते. त्याची तयारी होईपर्यंत पॅकेज थोपवायचं. पण पोस्टग्रेस आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीवर उभं असतं. पोस्टग्रेस जागेवर राहिलं आणि आयसीयू पुढे गेली, तर डेटाबेस पुन्हा सुरूच होत नाही. थोपवणं लांबलं की हा धोका वाढत जातो, आणि ते या शब्दातच आहे. टम्बलवीड या दुसऱ्या रोलिंग लिनक्सवर झिपर (तिथला पॅकमनसारखा प्रोग्राम) मधल्या ‘लॉक’लाही हाच शब्द चालेल.

चौथं क्रियापद तुम्ही विचारलेलं नाही, पण लागेल: ‘गोठवणे’. मिररलिस्टमध्ये (पॅकेजं कुठून उतरवायची त्या पत्त्यांच्या फाइलमध्ये) आर्चच्या जुन्या पॅकेजांच्या संग्रहातल्या ठरावीक तारखेचा पत्ता घालून ‘-एसवायवाययूयू’ चालवलं की अख्खा सर्व्हर त्या तारखेवर जातो. दुसऱ्या ‘यू’मुळे पुढे गेलेली पॅकेजं मागेही येतात. सगळी पॅकेजं एकाच दिवसाची असल्याने लायब्ररींचा मेळ राहतो. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच तारखेला गोठतात.

तेव्हा सूचना अशी लिहा: ‘पोस्टग्रेस थोपवलं आहे. डेटा डिरेक्टरी बदलायची तयारी झाली की इग्नोरपीकेजीमधून नाव काढा, यादी ताजी करा आणि त्याच आदेशात सगळ्या नव्या आवृत्त्या चढवा. पोस्टग्रेस पुन्हा सुरू करण्याआधी डेटा डिरेक्टरी बदलून घ्या.’